उरलेली बोरं

खालच्या मजल्यावरची ऋतुजा परवा दारात आली. नागपूरची आहे, नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरवाले, लेक अजून वर्षाचीही नाही. म्हणाली, "काकू, संक्रांतीला ईराचं बोरन्हाण करतोय. पाचला स्टार्ट करू. तुम्ही यायचंच हं, प्लीज. इथे आमचं मोठं असं कुणीच नाहीये." मी म्हणाले, "बघते." ती गेली, मी दार लावलं आणि नेहमीप्रमाणे खरंच बघत बसले. जावं की नको? गेले तर कोण म्हणून जायचं? लग्न न केलेली, पन्नाशी ओलांडलेली बाई तिथल्या लेकुरवाळ्यांच्या घोळक्यात नेमकी कुठे उभी राहते? आणि नाही गेले, तर ते माझ्या भिडस्तपणामुळे की अहंकारामुळे? एवढ्याशा आमंत्रणापायी चहा गार झाला.

यात थोडा दोष अवऱ्यांचाही आहे. जानेवारी आला की इथे हेब्बाळला पुलाखाली हातगाड्यांवर अवऱ्याच्या शेंगांचे ढीग लागतात. अवरे म्हणजे आपला पावटाच म्हणायचा, पण इथल्या थंडीतल्या शेंगेला एक तेलकट, उग्र वास असतो. शेंगा सोलल्या की तो बोटांना चिकटतो आणि साबणाला दाद देत नाही. एकटीपुरत्या घेऊन घेणार किती? ओंजळभर घेते, त्यातल्याही निम्म्या खिडकीत वाळून जातात. पण तो वास घरात शिरला की मी या उंच इमारतीतून उठते आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बनशंकरीच्या एका ओसरीवर जाऊन बसते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी सव्वीस वर्षांची, पुण्याहून नोकरीसाठी आलेली. बनशंकरीत एका बैठ्या घराच्या गच्चीवरची खोली भाड्याने मिळाली. खाली मालकीणबाई एकट्या राहत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही. अक्का मराठीच, पण त्यांच्या खापरपणजोबांनी कधीतरी मुलूख सोडलेला. पुणं त्यांनी नकाशातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. यजमानांचं कापडाचं दुकान होतं. लेक शाळेत असतानाच ते गेले. त्यांची कानडी हेल काढलेली मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं, आणि माझी ऐकून त्यांना. "तू पुस्तक वाचल्यागत बोलतीस ग," त्या म्हणाल्या.

थंडीत संध्याकाळी ऑफिसातून आले की ओसरीवर शेंगांचा ढीग, शेजारी परात आणि ढिगामागे अक्का. "ये, बस की स्वल्प." स्वल्प म्हणजे थोडं, अक्कांचं स्वल्प दिवेलागणीपर्यंत पुरायचं. शेंगा सोलायच्या, दाणे पाण्यात टाकायचे, आणि आधी भिजवलेले दाणे बोटांत धरून दाबायचे. साल बोटांत राहतं आणि आतली हिरवी डाळ टुणकन उडते. ती परातीत पडावी अशी अपेक्षा असते. माझी कधी भिंतीवर जायची, कधी अक्कांच्या चष्म्यावर. चष्मा पदराला पुसत त्या म्हणायच्या, "इंजिनेर कोणी केलं तुला?" गल्लीतल्या बायका येता-जाता वाटीभर डाळ घेऊन जायच्या. अक्का कुणाला नको म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आमच्या घरी पुण्यात एक रीत होती. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की बाबा आम्हा भावंडांना समोर बसवत आणि विचारत, "आज कुठे चुकलात?" आवाज अगदी मऊ. मार नाही, ओरडा नाही. मुलांना स्वतःकडे बघायची सवय लागली पाहिजे, एवढाच हेतू. जो स्वतःला तपासत नाही तो नुसता वयाने वाढतो, असं त्यांचं मत होतं, आणि मास्तर असल्यामुळे ते ठाम होतं. भावाने ही सवय दहावीच्या पुस्तकांबरोबर रद्दीत घातली. मला मात्र ती जन्माची चिकटली.

बंगळुरात तर तिला मोकळं रान मिळालं. ऑफिसात इंग्रजी, कँटीनमध्ये हिंदी, रिक्षावाल्याशी मोडकी कानडी. माझ्या भाषेत मला हाक मारणारं माणूस दिवसभर भेटत नसे. मग अंधार पडता पडता मी खोलीत बसायची आणि बाबांचा प्रश्न स्वतःला विचारायची. आज मीटिंगमध्ये गप्प बसले ते नम्रपणा म्हणून की भित्रेपणा म्हणून? एसटीडी बूथवरून आईला 'मजेत आहे' म्हणाले, ते तिला बरं वाटावं म्हणून की मला रडू येईल म्हणून? एका उत्तराच्या पोटातून दुसरा प्रश्न निघायचा. स्वतःशी इतकं बोलून झाल्यावर दुसऱ्या कुणाशी बोलायला काही उरत नसे. मी फार एकटी होते तेव्हा. ते मला कळत होतं, त्याची कारणंही मला पाठ होती, आणि त्याने काडीचा फरक पडत नव्हता.

एकदा खालून हाक आली. "अग ए, दिवा का लावला नाहीस? काय करतीस वर अंधारात?"

"विचार करतेय, अक्का."

"कशाचा?"

"माझाच."

खाली परात सरकली. मग आवाज आला, "त्यात येवढं काय बघायचं? तू इथंच आहेस की. ये खाली, डाळ संपवू."

मी गेले. पण मनात म्हणत होते, बिचाऱ्या अक्का. इतकी वर्षं जगल्या आणि आपण कोण, आपल्याला काय हवं, हे एकदाही विचारलं नाही स्वतःला. एका शुक्रवारी त्यांच्याबरोबर बनशंकरीच्या देवळात गेले होते. तिथे बायका राहुकाळात लिंबाचे दिवे लावतात. अर्धं लिंबू पिळून, साल उलटी करून, त्यात तूप-वात. ओळीने दिवे, तुपाचा आणि जळक्या लिंबाचा वास, आणि प्रत्येकीचे ओठ हलताहेत. प्रत्येकीचं काहीतरी मागणं. अक्कांचे ओठ मिटलेले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही काय मागितलंत?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "मागायचं काय? लावायचा आणि यायचं." आणि वाटेत त्यांनी कोथिंबिरीवरून भाजीवाल्याशी कडाक्याचं भांडण केलं. मला त्यांचा हेवा वाटला, आणि दयाही आली. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, यावर मी ती संध्याकाळ घालवली.

संक्रांत जवळ आली तशी ओसरीवरची परात बदलली. तिथे संक्रांतीला नुसते लाडू-वड्या वाटत नाहीत. तीळ, शेंगदाणे, डाळं आणि खोबऱ्या-गुळाचे इवले इवले तुकडे एकत्र करतात, वर साखरेचे साच्यातले पोपट, हत्ती. खोबऱ्याची तपकिरी पाठ खरवडून काढायची, मग अडकित्त्याने असे तुकडे करायचे की एकासारखा दुसरा, आणि उन्हात वाळवायचे. अर्ध्या गल्लीचं हे काम अक्काच करायच्या. बायका नटून-थटून ते घरोघर वाटत फिरायच्या, आणि अक्का फाटकाच्या आत उभ्या राहून कुणाची साडी कशी आहे ते बघायच्या. त्या स्वतः वाटायला जात नसत. का, ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नसे. ते काम सवाष्णींचं नाहीतर पोरीबाळींचं.

त्या वर्षी मात्र घरचंच कार्य होतं. अक्कांची लेक विजया हेब्बाळला राहायची, आणि तिच्या मुलीची ती पहिली संक्रांत. बोरन्हाण ठरलं. अक्कांनी आयुष्यभराची हौस त्यात ओतली. शेगडीपुढे बसून तिळावर साखरेचा पाक थेंब-थेंब चढवत हलवा केला, बोटं भाजून घेतली, त्याचे दागिने ओवले. मी दोरा धरायला. गळ्यातलं, मनगट्या, एक मुकुटसुद्धा. मुकुट हातावर धरून त्या म्हणाल्या, "मोठा होतोय का ग? डोकं केवढंसं असतं या वयात?" नात तिकडेच झालेली, बारसं सासरचं. अक्कांनी तिला मोजक्याच वेळा पाहिलं होतं.

मी म्हणाले, "पहिली मूठ तुम्हीच घालणार ना?"

"मी कशी घालीन? मी आत असते."

"कुणी सांगितलं?"

त्या थांबल्या. खरोखर आठवू लागल्या. "सांगायला कोण कशाला पाहिजे? असतंय ते."

"तुम्हाला वाईट नाही वाटत, अक्का?"

त्यांनी अडकित्ता उचलला, खोबऱ्याची वाटी उचलली, आणि कट् कट् सुरू केलं. वाटी संपली तेव्हा म्हणाल्या, "तू फार विचारतीस."

मला वाटलं, चला, एकदाचा यांना प्रश्न पडला. एकदा माणसाने स्वतःकडे नीट पाहिलं की ते उठून उभं राहतं, अशी माझी तेव्हा श्रद्धा होती. विजया काही जुन्या वळणाची नव्हती, तिने आईला अडवलं नसतं. अक्कांनी फक्त चार पावलं पुढे यायचं होतं. संक्रांतीपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना ती पावलं टाकायला लावत होते. स्वतःचा विचार करणं थांबलं होतं, एवढा मला त्या मुठीचा ध्यास लागला होता.

तेव्हाचं हेब्बाळ म्हणजे गावाबाहेर. मॅजेस्टिकला बस बदलून, मांडीवर डबे धरून आम्ही गेलो. तळं, शेतं, मधूनच एखादं नवं घर आणि लाल माती. विजयाच्या घरी बायका जमल्या होत्या. काळ्या झबल्यातली ती मुलगी पाटावर बसून मुकुट ओढून काढत होती. मुकुट बरोब्बर झाला होता. अक्कांनी दारातूनच तिच्याकडे पाहिलं, डबे उघडून दिले, आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरात गेल्या. बाहेरून विजयाने हाक मारली, "आई, कुठं आहेस?" आतून आवाज आला, "तुम्ही करा, मी कॉफी बघते." विजया वळली. तिच्या मनात काही नव्हतं, मुलगी रडायला लागली होती, एवढंच. सासूबाईंनी पहिली मूठ घातली. मग एकेकीने. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, शेंगा, गोळ्या डोक्यावरून ओघळल्या आणि पोरांची झोंबाझोंबी सुरू झाली. मलाही कुणीतरी पुढे ढकललं. मूठ घालता घालता मी मागे पाहिलं. अक्का स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. डाव्या हातात पातेल्याची पकड होती. उजव्या हाताची मूठ वळलेली होती, आणि तिच्यात काही नव्हतं. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा आवाज झाला आणि त्या धावल्या.

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. मी रागावले होते, कुणावर ते कळत नव्हतं. दुसरी बस बनशंकरीच्या वाटेला लागली तेव्हा त्या खिडकीकडेच बघत म्हणाल्या, "तू विचारलीस न परवा. वाटतंय ग."

"काय?"

"वाईट. मला वाटायचं, मला नाही वाटत. आज दूध उतू गेलं तवा कळलं. दूध माझ्या हातनं कधी उतू जात नाही."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एखादी हरवलेली किल्ली कुठल्या डब्यात सापडली ते सांगावं, तसा आवाज. आणि मी, जिने असल्या गोष्टींत उभी हयात घालवायची ठरवली होती, तिने नुसता त्यांचा हात धरला. त्याला अवऱ्याचा वास येत होता.

घरी पोचल्यावर मी जिन्याकडे वळले तर म्हणाल्या, "थांब. वर जाऊ नकोस." आतून पाट आणला, ओसरीवर मांडला. पिशवीतून एक पुडकं काढलं. "हे उरलंय. टाकून कुठं द्यायचं? बस."

"मी?"

"मग काय भिंतीला घालू? बस सरळ."

बसले. सलवार-कमीज, खांद्याला ऑफिसची शबनम, केस बसच्या वाऱ्याने पिंजारलेले. अक्कांनी मूठ भरली आणि माझ्या डोक्यावर उघडली. चुरमुरे मानेतून पाठीत गेले. एक बोर नाकावर बसलं. त्यांनी दुसरी मूठ भरली, तिसरी भरली, पुडकं रिकामं होईपर्यंत घालत राहिल्या. मी हसत होते, आणि मग हसत नव्हते. इतक्या महिन्यांत माझ्या डोक्यावर कुणाचा हात आलेला नव्हता. "तुझी आई लांब आहे," त्या एवढंच म्हणाल्या. मग केरसुणी आणली. झाडता झाडता म्हणाल्या, "पुढल्या वर्षी पोरीला इथंच आणायला सांगते. मीच घालणार पहिली." 'सरी', म्हणजे ठीक, ठरलं, अशा सुरात. अवरे कुणाकडून घ्यायचे ते ठरवावं तसं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझ्या केसांतून एक चुरमुरा काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो टाकला नाही, खाऊन टाकला.

पुढच्या संक्रांतीला मी तिथे नव्हते, कंपनीने परदेशी पाठवलं होतं. विजयाने फोनवर सांगितलं, अक्कांनी आपल्या ओसरीवर, सगळ्या गल्लीसमोर, पहिली मूठ घातली. सासूबाई जरा चपापल्या, मग त्यांनी दुसरी घातली. "अक्का रडल्या का ग?" मी विचारलं. "छे, पोर रडली. आईनं ऊस केवढा मोठा कापला होता!"

अक्का आता नाहीत. बाबाही नाहीत. त्या घराच्या जागी मजले चढले आहेत. अवऱ्याचा वास आला की मी दोघांना समोरासमोर बसवते आणि भांडण लावून देते. बाबा म्हणतात, बघ, प्रश्न पडला म्हणूनच ती बाई पुढे आली, नाहीतर जन्मभर दाराशी उभी राहिली असती. बरोबर आहे. अक्का म्हणतात, होय की, पण एकदाच बघितलं मी, रोज उठून बघत नाही बसले. तेही बरोबर आहे. त्यांना एक प्रश्न वर्षभर पुरला आणि त्यातून एक मूठ निघाली. मी रोज तपासलं. मला बघायला आलेल्या मुलांपेक्षा मी स्वतःलाच जास्त बघत राहिले, आणि ती मुलं चहा पिऊन गेली. याचं मला फार दुःख आहे असं नाही. पण काही संध्याकाळी आहे. हेही आता लपवत नाही.

आज संक्रांत. पाच वाजून गेले तरी मी साडीच्या निऱ्या सोडून पुन्हा घालत होते. अखेर गेले. ऋतुजाचं घर माणसांनी भरलेलं, सगळी तरुण. नागपूरची आजी मोबाइलच्या पडद्यावर, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला. आजी पडद्यातून ओरडत होती, "अगं, तिचं तोंड इकडे करा!" ईरा काळ्या फ्रॉकात, हलव्याचा हार चोखत बसलेली. मला पाहून ऋतुजा म्हणाली, "काकू, या ना, तुम्ही स्टार्ट करा." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही करा, मी कॉफी बघते."

स्वयंपाकघराच्या दारात पोचले तेव्हा मला कळलं की हे वाक्य माझं नाही. आत गॅस बंद होता. कॉफीचं कुणी नावसुद्धा काढलेलं नव्हतं. मला इथे कुणी पाठवलं, हे मी आठवून पाहिलं. कुणीच नाही.

मी परत फिरले. परातीतून मूठ भरली. बोरं गार होती. डोक्यात विचार चालूच होते: आपण कोण हिच्या, हे शोभतं का, ऋतुजाला दिसत तर नसेल? एकही थांबला नाही. ते चालू असतानाच मूठ उघडली. एक बोर ईराच्या गालावरून घसरून मांडीत पडलं. तिने ते उचललं आणि रागाने माझ्याकडे पाहिलं. पडद्यातली आजी म्हणाली, "कोण हो तुम्ही? छान केलंत." मी दुसरी मूठ भरली.

वर आले. घर जसं ठेवून गेले होते तसंच होतं. दिवा लावला आणि सवयीने बसले. आज कुठे चुकलीस? बराच वेळ शोधत राहिले. खालून पोरांचा गलका येत होता. मग केस सोडायला हात मागे गेला तर अंबाड्यात एक चुरमुरा अडकलेला. तिथल्या गडबडीत माझ्याही डोक्यावर कुणीतरी मूठ घातली होती, आणि माझं लक्षच नव्हतं.